बिलावरील पंधरा अक्षरे

गिऱ्हाईक कापड हातात घेते, चुरगळून पाहते, दाराशी नेऊन उजेडात धरते आणि मगच भाव विचारते. आपण व्यापारी मात्र ज्याच्याकडून लाखाचा माल घेतो त्या माणसाची तेवढीही तपासणी करीत नाही. निदान मी केली नव्हती. मला ती चूक १२ हजार रुपयांना पडली. तपासणीचे साधन माझ्या खिशातल्या मोबाइलमध्येच होते आणि ते फुकट होते, हे नंतर कळले.

प्रकार असा झाला. २०२५ साली रमजान मार्चच्या सुरुवातीला लागला. ईदच्या विक्रीसाठी मी फेब्रुवारीत सुरतच्या एका नव्या पार्टीकडून ड्रेस मटेरियल आणि अस्तराचे तागे मागविले. पार्टीचा नंबर व्हॉट्सॲपवरील एका ग्रुपमधून मिळाला होता. डिझाइन नवे, भाव इतरांपेक्षा मीटरमागे चार रुपयांनी कमी. माल २ लाख ४० हजारांचा, त्यावर ५ टक्के कर १२ हजार. पैसे बँकेतून दिले. माल वेळेवर आला, चांगला आला आणि ईदपूर्वी बराचसा विकलाही गेला. मालाबद्दल माझी काही तक्रार नाही.

मार्चच्या मध्यावर करसल्लागाराचा फोन आला. जीएसटीमध्ये दर महिन्याच्या १४ तारखेला आपल्या नावावर 'टू-बी' नावाचा एक तक्ता तयार होतो. कोणत्या विक्रेत्याने आपल्याला विकलेल्या मालाची बिले सरकारकडे दाखविली, ते त्यात दिसते. सुरतच्या पार्टीचे एकही बिल त्यात नव्हते. जानेवारी २०२२ पासून कायदा असा आहे की विकणाऱ्याने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखविले नाही, तर घेणाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. बिल खरे असो, पैसे चेकने दिलेले असोत, त्याला काही किंमत नाही. चोरी एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला. कायदा करणाऱ्यांनी कधी दुकान चालविले असते तर असा नियम केला नसता, असे मला वाटते. पण नियम आहे, आणि तो बदलेपर्यंत आपल्याला त्यातच कारोबार करायचा आहे.

पार्टीला फोन केला. 'सेठ, या महिन्यात होऊन जाईल' असे तीन महिने ऐकले. नंतर फोन उचलणेच बंद झाले.

त्या दिवसांत माझी धाकटी मुलगी सुट्टीसाठी घरी आली होती. तिने बिल मागितले, जीएसटीचे सरकारी संकेतस्थळ उघडले आणि 'सर्च टॅक्सपेयर' या ठिकाणी पार्टीचा नंबर टाकला. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. चित्रातले आकडे तेवढे टाकायचे. समोर मालकाचे कायदेशीर नाव, पेढीचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, नंबर चालू की रद्द हे सर्व आले. त्याखाली एक बटण असते, ते दाबले की त्या माणसाने कोणत्या महिन्याचे रिटर्न कोणत्या तारखेला भरले त्याचा तक्ता उघडतो. माझ्या पार्टीचे शेवटचे रिटर्न सप्टेंबर २०२४ चे होते. त्यानंतर काहीच नाही.

म्हणजे मी फेब्रुवारीत सौदा केला तेव्हा हा माणूस चार महिन्यांपासून रिटर्न भरत नव्हता, आणि ही गोष्ट साऱ्या जगाला दिसेल अशी उघड लिहिलेली होती. मीच पाहिली नव्हती. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी जेमतेम. सरकारी संकेतस्थळ म्हणजे वकील-सीएचे काम अशी माझी समजूत होती. आता मला त्या पानावरच्या बटणांच्या जागा पाठ झाल्या आहेत. दोन मिनिटांत काम होते.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी उलगडली. पार्टीने माल सहा बिलांवर पाठविला होता, प्रत्येक बिल करासह ४२ हजारांचे. मला वाटले ट्रान्सपोर्टच्या सोयीसाठी केले असेल. खरे कारण वेगळे होते. ५० हजारांवरील माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ई-वे बिल लागते, आणि लागोपाठ दोन वेळा रिटर्न चुकविणाऱ्याला ते काढता येत नाही. म्हणून सगळी बिले ५० हजारांच्या आत. मी तेव्हा एक शब्दही विचारला नाही. भाव स्वस्त मिळाला की माणूस प्रश्न विचारायचे विसरतो.

आपल्या बोर्डीच्या दुकानदारांना ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. झाईच्या पुढे गेले की गुजरात सुरू होते. आपला निम्मा माल सुरतेहून येतो, गिऱ्हाईकही उंबरगावकडून येते. २०१७ पूर्वी बाहेरच्या राज्यातून माल घेताना 'सी फॉर्म'ची कटकट होती. ती गेली. परंतु त्या काळी नवी पेढी कशी आहे हे दलालाला विचारल्याशिवाय माल कोणी उचलत नसे. आता दलाल मधून निघून गेला आणि त्याची चौकशीही त्याच्याबरोबर गेली.

ज्यांना संकेतस्थळ उघडण्याचा कंटाळा आहे त्यांनी निदान बिलावरचा नंबर वाचायला शिकावे. जीएसटीचा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, गुजरात २४, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचे पॅन. पॅनचे चौथे अक्षर पाहावे. तिथे 'पी' असेल तर एकट्या माणसाचा धंदा, 'एफ' असेल तर भागीदारी पेढी, 'सी' असेल तर कंपनी. गेल्या वर्षी एकाने मला 'आमची कंपनी, सुरतेत आमचा कारखाना' असे सांगून माल दाखविला. नंबर ०७ ने सुरू होत होता आणि पॅनमध्ये 'पी' होता. म्हणजे दिल्लीत नोंदलेला एकटा इसम. एका व्यापाऱ्याची दोन-तीन राज्यांत नोंदणी असू शकते, त्यामुळे एवढ्यावरून त्याला खोटा म्हणणे बरोबर नाही. मी त्याला फक्त सुरतचा नंबर पाठवा असे म्हटले. तो आजपर्यंत आलेला नाही.

काही सावधगिरी मात्र ठेवावी. लबाड लोक दुसऱ्या चांगल्या पेढीचा खरा नंबर आपल्या बिलावर छापतात, म्हणून नंबर चालू आहे एवढे पाहून थांबू नये. पेढीचे नाव आणि पत्ता जुळतो का तेही पाहावे, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यावर पाठवावेत. छोटे व्यापारी तिमाही रिटर्न भरू शकतात, त्यांच्या तक्त्यात मधले महिने रिकामे दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि ज्याची नोंद 'कंपोझिशन' अशी दिसेल त्याने बिलात वेगळा कर लावला असेल तर ते बिल परत करावे. त्याला कर वसूल करण्याचा अधिकारच नाही.

मोबाइलवरील पैशांच्या बाबतीत आपण बरेच सावध झालो आहोत. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आता दहा रुपयांची रिळे घेणारी बाईसुद्धा कोड स्कॅन करते. गल्ल्यावर रक्कम बोलून दाखविणारा जो डबा असतो, त्याच्या आवाजाचा मला सुरुवातीला वैताग यायचा. पण रविवारी समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांची गर्दी झाली की कोणी जुनाच स्क्रीनशॉट दाखवून जातो, कोणी नकली ॲपवर हिरवी खूण दाखवितो. डबा बोलल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही, असे मी नोकराला सांगून ठेवले आहे. आणि पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

परंतु डबा बोलला तरी सर्व संपले असे नाही. आमच्या ओळखीच्या एका शिलाईवाल्याच्या खात्यावर एका अनोळखी गिऱ्हाइकाने १,५०० रुपये पाठविले, कपडे घेऊन गेला. महिन्याभराने बँकेने पूर्ण खाते गोठविले. ते पैसे दुसऱ्या राज्यात कोणाला तरी फसवून मिळविलेले होते आणि तिकडच्या पोलिसांत तक्रार झाली होती. पंधराशे रुपयांपायी त्याचे ६० हजार अडकले, त्यात दोन कारागिरांचा पगार होता. शाखेत गेला तर 'वरून आदेश आहे' एवढेच उत्तर. शेवटी त्याने बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागितले, कपड्याच्या पावतीचा फोटो आणि मापाच्या वहीतले पान तिकडे ईमेलने पाठविले. सात आठवडे लागले. त्याच्या वहीत तारीख, नाव आणि माप होते म्हणून सुटला. नुसते तोंडी काम असते तर काय दाखविले असते? मी तेव्हापासून गल्ल्यावरच्या कोडसाठी वेगळे खाते ठेवले आहे. दर दोन दिवसांनी त्यातली रक्कम मुख्य खात्यात घेतो. आणि कधी आपणच फसलो तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडविता आले तरच काही हाती लागते.

विक्रीच्या ॲपबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पुतण्याने वर्षभर तयार कुर्ते एका मोठ्या ॲपवर विकले. ऑर्डरी भरपूर, पण जवळजवळ चौथा नग परत येई, कधी घातलेला, कधी अत्तराचा डाग पडलेला. जाण्या-येण्याचे भाडे आणि धुलाई धरली तर हातात फार थोडे राहिले. तो हे मानत नाही, पुन्हा सुरू करणार म्हणतो. करो. मात्र भरतकाम, शिलाई करणाऱ्या छोट्या कारागिरांसाठी एक सवलत आहे ती सांगितली पाहिजे. वस्तूंची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ॲपवर विकायचे तर पूर्वी नोंदणी करावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अट सैल झाली. पॅनच्या आधारे जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक घेतला की ॲपवर माल विकता येतो. अट एवढीच की विक्री आपल्या राज्यातच करायची. त्यामुळे बोर्डीची बाई आपली भरतकामाची ओढणी गडचिरोलीला पाठवू शकते, उंबरगावला नाही!

बाकी मोबाइलने माझे एक काम खरोखर हलके केले. सुरतेहून येणाऱ्या हाताने लिहिलेल्या गुजराती चिठ्ठ्या मला नीट लागत नसत. आता भाषांतराच्या ॲपमधून फोटो काढला की बरेचसे समजते. एकदा त्याने 'पनो' हा शब्द माणसाचे नाव समजून तसाच ठेवला. पनो म्हणजे आपला पन्हा, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? कापडाचा रंगही फोनवर खरा दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. व्हिडिओवर सुती म्हणून दाखविलेल्या कापडाची चिंधी मागवून घ्यावी आणि एक धागा जाळून पाहावा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख राहते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. तो वास फोनमधून येत नाही.

आता सुरतच्या त्या १२ हजारांविषयी. त्या वर्षाच्या बिलांवर वजावट घेण्याची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ होती. तोपर्यंत मी दर आठवड्याला तो नंबर टाकून पाहत असे, जणू आजारी माणसाची खबर घ्यावी तसा. ऑगस्टमध्ये 'चालू'च्या जागी 'रद्द' असे आले. मुदत गेली, पैसे गेले.

परवा भिवंडीच्या एका नव्या पार्टीचा फोन आला. भाव सांगू लागला तर मी म्हटले, आधी जीएसटीचा नंबर पाठवा. तो हसला. म्हणाला, सेठ, आजकाल सगळे हेच विचारतात. नंबर २७ ने सुरू होतो, नाव-पत्ता जुळतो, गेल्या महिन्यापर्यंतची सर्व रिटर्ने भरलेली आहेत. चिंध्या कुरिअरने आल्या, धागा जाळून पाहिला. पहिली गाठ सोमवारी यायची आहे.