शस्त्रक्रियेतील जागल्या

पाठीच्या कण्याला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, अशी धास्ती आपल्या घराघरांतून आजही आढळते. वेदना सोसाव्यात, काठी धरावी, पायांतले बळ ओसरताना पाहत राहावे. पण शस्त्रक्रियेचे नाव काढू नये, असाच सल्ला वडीलधारी मंडळी देतात. या धास्तीला अडाणीपणा म्हणून हसणे आम्हांस उचित वाटत नाही. मज्जारज्जू ही जेमतेम करंगळीएवढ्या जाडीची दोरी. मेंदूच्या आज्ञा तिच्यातूनच हातापायांकडे जातात आणि हातापायांची खबर तिच्यातूनच परत येते. तिला झालेली गंभीर इजा सहसा भरून येत नाही. भय निराधार नव्हते. मात्र ते कमी करणारा एक उपाय वैद्यकशास्त्राने गेल्या अर्धशतकात सिद्ध केला आहे आणि त्याची माहिती सर्वसामान्य माणसापर्यंत पोचलेली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

खरी अडचण अशी की, भूल दिलेला रोगी बोलू शकत नाही. पाय बधिर झाला, हे तो सांगणार कसा? वाकडा झालेला कणा सळ्या घालून सरळ करताना मज्जारज्जूवर ताण पडला, तर ते रोगी शुद्धीवर आल्यावरच कळे, आणि तोवर वेळ टळून गेलेली असे. यावर १९७३ साली फ्रान्समधील स्तान्यारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी युक्ती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच भूल हलकी करून रोग्याला अर्धवट जागे करायचे, पाय हलवायला सांगायचे आणि पाय हलले की पुन्हा निजवायचे! युक्ती उपयुक्त ठरली. पण ती त्या एका क्षणाचीच साक्ष देई. पुढच्या घटकेला काय घडले, हे तिला ठाऊक नसे.

अखंड पहारा शक्य झाला तो विजेच्या साहाय्याने. घोट्याजवळच्या मज्जातंतूला सूक्ष्म विद्युत्स्पंद द्यायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचला की नाही, हे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी टिपायचे, ही त्यातली मूळ कल्पना. पडद्यावरील रेघेची उंची निम्म्याने घटली किंवा संदेशाला लागणारा वेळ एकदशांशाने वाढला, तर तो इशारा मानतात. परंतु ही वाट संवेदनेची. ती शाबूत राहूनही हालचालीची वाट बिघडू शकते. १९८० साली ब्रिटनमधील मर्टन व मॉर्टन यांनी कवटी न उघडता, डोक्याच्या त्वचेवरून विद्युत्स्पंद देऊन स्नायू हलवून दाखवले. पुढे १९९०च्या दशकात भुलेखालील रोग्यावरही हे साधू लागले आणि दुसऱ्या वाटेवरही पहारा बसला. कानाच्या मज्जातंतूवरील गाठ काढताना शेजारचा चेहऱ्याचा मज्जातंतू वाचवण्यासाठीही असाच पहारा ठेवतात.

इशारा मिळताच शल्यविशारद थांबतो, सळीचा ताण सैल करतो, संशयित स्क्रू काढतो. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतो. रक्तपुरवठा घटल्याने मंदावलेला रज्जू वेळीच सावरला, तर पुष्कळदा पूर्ववत होतो. हाती आलेली ही मोजकी मिनिटे म्हणजेच या शास्त्राची सारी कमाई.

पण यंत्र स्वतः काही जाणत नाही. भुलेच्या वायूंनी रेघ मंदावते, शरीर थंडावल्याने बदलते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने तर हालचालीची खूण पुसलीच जाते. खरे संकट कोणते आणि भुलेचा परिणाम कोणता, हे ओळखायला शिकलेला माणूस लागतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५१,२६३ शस्त्रक्रियांचा आढावा घेण्यात आला. पहाऱ्याचा दीर्घ अनुभव असलेल्या पथकांकडे मज्जासंस्थेच्या इजांचे प्रमाण नवख्या पथकांच्या निम्म्याहूनही कमी आढळले. यंत्र विकत मिळते, अनुभव मिळत नाही, हाच याचा अर्थ.

हा पहारा म्हणजे अभयपत्र नव्हे आणि कण्याच्या प्रत्येक लहानसहान शस्त्रक्रियेला तो लागतो असेही नाही. परंतु जेथे जोखीम मोठी, तेथे तो श्रीमंताची चैन ठरता कामा नये. आपल्याकडील रोगी बांबोळीला जातो, बेळगावला जातो, कोणी मणिपाल वा मुंबई गाठतो. 'माझ्या शस्त्रक्रियेला असा पहारा आवश्यक आहे काय, आणि असल्यास पडद्यासमोर कोण बसणार?' हा प्रश्न त्याने निःसंकोच विचारावा, आणि डॉक्टरांनीही तो अविश्वास मानू नये. सरकारनेही केवळ यंत्रखरेदीवर समाधान न मानता माणसे घडवावीत आणि आरोग्ययोजनांत शस्त्रक्रियेचा खर्च ठरवताना या कामाचा मोबदला धरावा.

गाव निजले की जागल्या जागा राहत असे, म्हणून गाव निर्धास्त झोपे. भुलेच्या झोपेत स्वतःला परक्या हाती सोपवणाऱ्या रोग्याचाही असा एक जागल्या असावा, एवढीच आमची मागणी आहे.