जुना लॅपटॉप आणि ड्रायव्हरचा शोध

वायफाय, आवाज, पडद्यावरील चित्र अशा संगणकाच्या प्रत्येक भागाला आज्ञा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या संकेतांत द्यायच्या, हे मूळ प्रणालीला सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आणि जुना लॅपटॉप अडगळीत जातो तो पुष्कळदा यंत्र झिजल्यामुळे नव्हे, तर नव्या प्रणालीसाठी हा प्रोग्रॅम लिहिणे उत्पादकाने थांबवल्यामुळे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपवला, आणि विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने उत्तम चालणारे असंख्य लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. मुंबईत वापरून झालेला लॅपटॉप गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याबरोबर मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या घरी पोहोचतो तेव्हा, त्यावर लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली, म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो अशी प्रणाली, चालेल का, हा प्रश्न खऱ्या अर्थाने ड्रायव्हरचाच प्रश्न असतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे मूळही अशाच एका अडचणीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या झेरॉक्सच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम सुधारण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा मूळ मजकूर मिळाला नाही, आणि त्या नकाराने अस्वस्थ झालेल्या या माणसाने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, लिहावयास घेतला. या कर्नलमध्ये बहुतेक ड्रायव्हर आतच सामावलेले असतात, त्यामुळे कर्नलची अंतर्गत रचना बदलली की बदल करणारेच त्या ड्रायव्हरांनाही जुळवून घेतात, आणि उत्पादकाने विसरलेली चिपही पुढे वर्षानुवर्षे चालत राहते.

अशा लॅपटॉपवर बाहेर कोणत्या कंपनीचे नाव आहे याला फारसा अर्थ नसतो, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या वायफाय चिपा असू शकतात. खरी ओळख चिपच्या क्रमांकात असते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या भागांची यादी येते, आणि तिला क्रमांक दाखवण्याचा पर्याय जोडला की प्रत्येक भागाचे उत्पादक-क्रमांकही दिसतात: ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, तर इंटेलचा ८०८६, जो त्या कंपनीच्या १९७८ मधील गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव आहे. किनाऱ्यावर ही यादी आणखी एका कारणाने मोलाची ठरते. खाऱ्या, दमट हवेत धातूचे संपर्कबिंदू गंजतात. म्हणून वायफायचे कार्ड यादीत मुळीच दिसत नसेल तर कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाही, आधी कार्ड काढून संपर्क स्वच्छ करावे लागतील, आणि ते दिसत असूनही चालत नसेल तरच ड्रायव्हरकडे वळणे योग्य.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांचे आहे. कंपनीने त्यांची माहिती दिली नाही, तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिपचे लेखी वर्णन तयार केले आणि दुसऱ्या गटाने, कंपनीचा प्रोग्रॅम न पाहता, केवळ त्या वर्णनावरून ड्रायव्हर लिहिला, जेणेकरून नक्कल केल्याचा आक्षेप येऊ नये. ‘बी४३’ या नावाने तो २००८ च्या आरंभी कर्नलमध्ये आला. इतके होऊनही एक गाठ उरली, ती फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या आणि सुरू होताना तिच्यात भरावा लागणाऱ्या प्रोग्रॅमची: तो वाटण्याची परवानगी नसल्याने वापरकर्त्याला कंपनीच्या ड्रायव्हरमधून तो एका साधनाने कापून घ्यावा लागे. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः मुक्त ड्रायव्हर दिला, पण तो तुलनेने नव्या चिपांसाठी होता. जे ज्ञान उत्पादकाकडे पहिल्या दिवसापासून होते ते परक्या माणसांना अंधारात चाचपडत पुन्हा मिळवावे लागले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैरात येथील शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची छोटी हिरवी-पांढरी यंत्रे मुलांच्या हाती आली, तेव्हाही हीच गाठ आड आली होती. लिनक्सवरच उभ्या असलेल्या त्या यंत्रातील वायफाय चिपचे फर्मवेअर मात्र बंदिस्त होते, आणि त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात तीव्र वाद झाला. दीर्घकाळ बंदिस्त फर्मवेअर आपल्या मुख्य संचाबाहेर ठेवणाऱ्या डेबियन या लिनक्स वितरणाने, म्हणजे कर्नलसह तयार मिळणाऱ्या संपूर्ण प्रणालीने, ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान घेऊन ते स्थापनेच्या संचातच देण्याचे ठरवले, आणि जून २०२३ च्या बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून नवख्या माणसाची वायफायसाठीची वणवण पुष्कळ कमी झाली. तत्त्वाला यात मुरड पडली हे खरे, तरीही हा निर्णय उचितच म्हणावा लागेल.

चित्रासाठीच्या चिपांबाबत थोडक्यात सांगायचे तर इंटेल आणि २००७ पासून तांत्रिक माहिती खुली करणारी एएमडी यांचे जुने भाग सहसा विनासायास चालतात. एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नलसाठीचे मुक्त ड्रायव्हर दिले, तेही २०१८ पासूनच्या पिढ्यांसाठी, त्यामुळे जुन्या कार्डांचा भार स्वयंसेवकांच्या ‘नूवो’ या ड्रायव्हरवरच राहतो. त्याने चित्र दिसते, पण चिपचा वेग पुष्कळदा पूर्णपणे हाताळता येत नाही.

प्रत्यक्ष काम करताना पेनड्राइव्हवरून प्रणाली तात्पुरती चालवून पाहावी, म्हणजे डिस्कला हात न लावता आवाज, वायफाय आणि झोपवलेले यंत्र पुन्हा जागे होणे तपासता येते. एखादा भाग अडला तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत हव्या असलेल्या फर्मवेअर फाइलचे नावच बहुधा लिहिलेले आढळते. ती फाइल आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला वायफाय हवे, या कोंडीवर साधा अँड्रॉइड फोन पुरतो: केबलने जोडून त्यातील यूएसबी टेदरिंग चालू केले की लिनक्स त्याला तारेच्या नेटवर्कसारखे ओळखते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही.