संकेतस्थळावरील चित्रे व स्वामित्वहक्क
व्यावसायिकाने आपल्या संकेतस्थळावर दुसऱ्याने काढलेले छायाचित्र, रेखाटन वा रंगचित्र परवानगीवाचून वापरल्यास भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ म्हणजेच कॉपीराइट कायद्याखाली त्याच्यावर दायित्व येते. हा हक्क कलाकृती निर्माण होताच आपोआप प्राप्त होतो. नोंदणी ऐच्छिक असते. त्यामुळे चित्राखाली नाव वा हक्कचिन्ह नसणे, किंवा ते शोधयंत्रात विनाशुल्क दिसणे, यांवरून ते मुक्त ठरत नाही.

बिद्री (ता. कागल, जि. कोल्हापूर) हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित असलेले ऊसपट्ट्यातील गाव. समजा, तेथील एखाद्या गूळविक्रेत्याने संकेतस्थळ करविले आणि ते बांधून देणाऱ्याने गुळाच्या ढेपेचे छायाचित्र परस्पर कोठूनतरी उचलून त्यात घातले, तर नोटीस बहुधा विक्रेत्याच्या नावे येते. संकेतस्थळ त्याचे आणि त्यातून होणारा लाभही त्याचाच. हक्क अस्तित्वात असल्याची जाणीव नव्हती व तसे वाटण्यास वाजवी कारणही नव्हते, असे सिद्ध केल्यास नुकसानभरपाई टळू शकते. मनाई हुकूम व त्या वापरातून झालेल्या नफ्याची वसुली मात्र टळत नाही. शिवाय हे सिद्ध करणेही कठीणच, कारण कोणतेही छायाचित्र कोणीतरी काढलेले असते. कलम ६२ नुसार हक्कधारकास आपण राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येत असल्याने बिद्रीच्या विक्रेत्यास मुंबईला खेटे घालावे लागण्याचा संभव असतो.

जाणूनबुजून केलेला भंग हा गुन्हाही होय. त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. भंग व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कमी शिक्षा देऊ शकते. दुकानदाराच्या संकेतस्थळास ही सवलत क्वचितच मिळेल. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त इत्यादींसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. जाहिरात तीत बसत नाही. चित्राखाली कलावंताचे नाव छापणे सौजन्याचे खरे, पण ते परवानगीची जागा घेत नाही.

याउलट, त्याच विक्रेत्याने मोबदला देऊन आपल्या गुऱ्हाळाची छायाचित्रे काढवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ प्रमाणे त्यांचा पहिला स्वामी तोच ठरतो. ही तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. दुसऱ्याचे चित्र घ्यावयाचे झाल्यास परवाना लेखी हवा. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे व क्षेत्र नमूद नसेल तर ते भारत, असे धरले जाते.

हक्काची मुदत कलावंताच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असते. छायाचित्रांना हा नियम २०१२ च्या दुरुस्तीने लागू झाला; तत्पूर्वी त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाई. राजा रविवर्मा (मृ. १९०६) किंवा कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (मृ. १९५४) यांची चित्रे त्यामुळे मुक्त झाली आहेत. मात्र दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी पोहोचलेल्या दीनानाथ दलाल (मृ. १९७१) व रघुवीर मुळगावकर (मृ. १९७६) यांच्या चित्रांचे हक्क अनुक्रमे २०३१ व २०३६ अखेरपर्यंत टिकतात. जुनी व सर्वपरिचित म्हणून ती मिठाईच्या वा दागिन्यांच्या जाहिरातीत सर्रास घेतली जातात, तेव्हा ही गोष्ट नजरेआड होते.

चित्रातील व्यक्तीचा प्रश्न निराळा असतो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात एका ग्रामीण स्त्रीचे छायाचित्र छायाचित्रकाराने विक्रीच्या चित्रसंग्रहावर चढविले होते व ते केंद्र आणि अनेक राज्य शासनांच्या जाहिरातींत झळकले. आपली संमती कोणीच घेतली नाही, अशी तिची तक्रार होती. संग्रहाकडून रीतसर घेतलेला परवाना छायाचित्रकाराच्या हक्कापुरता असतो. चित्रातील चेहऱ्याच्या संमतीची खातरजमा वापरणाऱ्यास स्वतंत्रपणे करावी लागते.