श्वास सोडा, आता थांबवा

सकाळी ७.३०
नाशिकमधल्या आमच्या केंद्रात दिवे मी लावते, पण चुंबक रात्रभर जागाच असतो. एमआरआयचं चुंबकत्व कधी बंद होत नाही. म्हणून दारातच सगळ्यांचे खिसे रिकामे करून घेते.

८.१५
निफाडचे काका, सिरॉसिसचे रुग्ण. यकृतात गाठ आहे. वजन ६० किलो, उपाशीपोटी आलेत. करगोट्याला बांधलेली किल्ली काढून घेतली. मूत्रपिंडाचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला. गाठ चित्रात उठून दिसावी म्हणून शिरेतून देतो त्या औषधात गॅडोलिनियम असतं. सुटं गॅडोलिनियम विषारी, म्हणून औषधात ते रेणूच्या पिंजऱ्यात कोंडलेलं असतं. मूत्रपिंड निकामी असलेल्यांत जुन्या काही औषधांमुळे कातडी घट्ट होण्याचा आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. तेव्हापासून हा रिपोर्ट पाहिल्याशिवाय सुई नाही.

८.४५
सराव. "काका, श्वास घ्या, सोडा, थांबवा." काका छाती भरून थांबले. विहिरीत बुडी मारणाऱ्याची सवय! मला उलटं हवं. श्वास सोडल्यावर यकृत दर वेळी जवळपास त्याच जागी येतं. पोटावर हात ठेवून तीनदा करून घेतलं.

९.१०
गॅडॉक्सेटेट हे गॅडोलिनियमचं औषध फक्त ६ मिली, मागून सलाईन. यकृताचं सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोटाकडच्या मोठ्या शिरेतून येतं, पण यकृताचा कर्करोग मुख्यतः धमनीवर पोसतो. म्हणून तशी गाठ आधी उजळते आणि मिनिटाभरात विझते. धमनीची ती वेळ काही सेकंदांची असते, आणि नेमकं तेव्हाच या औषधाने काहींना धाप लागल्यासारखं होतं. ते मी आधीच सांगून ठेवते: "घाबरू नका, लगेच जाईल." ती वेळ हुकली, तर आज परत येत नाही.

९.३०
इंजेक्शनला २० मिनिटं झाली. या औषधाचा साधारण निम्मा भाग यकृताच्या पेशी आत घेतात आणि पित्तात सोडतात. निरोगी यकृत उजळतं. जिथे तशा पेशी नाहीत, तिथे काळा डाग उरतो. "ताई, काय दिसलं?" "चित्रं स्वच्छ आलीत काका, अर्थ डॉक्टर सांगतील." खोटा धीर मी देत नाही.

दुपारी १२.००
पेठच्या आजींना ऐकू कमी येतं. मी आत त्यांच्या पायाशी उभी राहिले. तळपाय दाबला की थांबायचं, सोडला की श्वास घ्यायचा. आजींचा दम दहा सेकंदांचा, म्हणून चित्रांच्या मालिकाही तेवढ्याच लहान केल्या.

संध्याकाळी ६.३०
रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "सकाळची धमनीची मालिका अजिबात हललेली नाही." सिरॉसिसच्या रुग्णात गाठीचं उजळणं-विझणं स्पष्ट दिसलं, तर अनेकदा तुकडा काढायची सुई टळते. उद्याच्या यादीत यकृताचे दोन रुग्ण आहेत. दोघांच्या सरावासाठी पंधरा-पंधरा मिनिटं जास्त राखून ठेवली.