काशीहून आले कोहळी?

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कोहळ्यांवरची नोंद काही पानांचीच आहे, पण भंडाऱ्याच्या माणसाने ती वाचायला घेतली की हातची खाली ठेववत नाही. १९११च्या शिरगणतीत सुमारे २६ हजार भरलेल्या या जातीने वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठमोठे तलाव बांधले, एवढं रसेल मोकळ्या मनाने मान्य करतो. अडतं ते पुढे.

कोहळी सांगत, आमचे पूर्वज बनारसचे. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा तिकडे यात्रेला गेला, तिथली बांधकामं पाहून खूश झाला आणि परतताना आम्हाला सोबत घेऊन आला. पहिला मुक्काम लांजीला, तिथून खाली भंडाऱ्यात. रसेलला हे पटत नाही. यांची भाषा मराठी, चालीरीती मराठी, कुळांची नावंही मराठी. मग काशी आली कुठून?

साहेबाचा हा युक्तिवाद दिसतो तितका पक्का नाही. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाज कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदादला लागलं आणि उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातली माणसं उतरू लागली. पुढे त्यात भोजपुरी मुलखातली सर्वाधिक होती. आज त्यांच्या पणतवंडांच्या घरची भाषा इंग्रजी. पणजोबाचं नुसतं नावच कित्येक घरांत आडनाव होऊन बसलं. म्हणून त्यांचं मूळ भोजपुरी नव्हतं असं कोणी म्हणेल का? चार पिढ्यांत एवढं होत असेल, तर गोंड राजांच्या काळापासून इथे रुजलेले कोहळी मराठी बोलतात, यावरून काहीच ठरत नाही. अर्थात यातून काशीही सिद्ध होत नाही. त्रिनिदादकरांकडे निदान कलकत्त्याच्या बंदरावर लिहिलेले परवाने आहेत. बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, सगळं त्यात आहे. कोहळ्यांची अशी खातेवही कोणी ठेवली नाही. राजाच्या पदरी कारागिरी करणाऱ्याला काशीचं मूळ सांगणं सोयीचंही असणार, हा संशय उरतोच.

कागद नसले तरी तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, आहेत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. जुन्या नोंदींत त्याचं क्षेत्र ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल. भोवतीच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी. कोलू पाटील मेल्यावर कोलासूर देव झाला. इंजिनिअरचा देव झाल्याची उदाहरणं फार नसावीत! तलावात मालडोंगरी नावाचं बेटही आहे. हा सगळा भाग १९९९पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, मग गोंदियात गेला. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी असताना माधवराव पाटील डोंगरवारांनी त्यांना जंगलाची आणि पाण्याची विद्या दिली. ते माधवराव याच कोलू पाटलाच्या घराण्यातले.

विद्या म्हणजे नेमकं काय? ना दुर्बीण, ना लेव्हल. उतार नजरेने जोखायचा, दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने बुजवायची, जास्तीच्या पाण्याला एका अंगाला सांडवा ठेवायचा. पाळीच्या पोटाशी पाणी सोडायचं तुडुम. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोकं. पाणी उतरेल तसं वरून खाली एकेक भोक मोकळं करायचं, म्हणजे धानाला पाटातून बेताबेताने पाणी मिळतं. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याच्याही खाली शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं. हे पाणी धानाला लागे, पण कोहळ्यांचा जीव उसात. तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असा गोंड राजांचा रिवाज चांद्याकडे सांगतात. म्हणजे पाळ फुटली तर बांधणाऱ्याचंच शेत बुडणार. देखभालीचं याहून चोख कंत्राट पीडब्ल्यूडीला आजवर सुचलेलं नाही.

हा हिशेब मोडला तो १९५०च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची सत्ता, गेली ते बरंच झालं. मालगुजारांच्या जाचाच्या कहाण्या याच गावांत ऐकू येतात. पण त्यांच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले आणि दरवर्षी गाळ कोणी काढायचा, हे मात्र कोणाच्याच अंगावर राहिलं नाही. पूर्व विदर्भातल्या साडेसहा हजारांहून अधिक तलावांना सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी’ असा शिक्का बसला. लोकांनी त्याचं ‘मामा तलाव’ केलं.

कोहळी घरं पुढे शेतीत, नोकऱ्यांत पांगली. पाण्याशी रोजचा संबंध उरला तो मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा. मासे कमी का झाले, याचं उत्तर त्यांनाच ठाऊक होतं: गाळ साचला, काठाने बेशरम हे तण माजलं, माशांना अंडी घालायला लागणाऱ्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन अर्जुनी मोरगावच्या बाजूला बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावायला घेतल्या. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात रुजते, हे सांगायला ढिवरांमधली जाणती माणसं पुढे होती.