एनडीएबद्दल आपल्याकडे काय काय सांगितलं जातं

कल्याणच्या सुभाष मैदानावर, ठाण्याच्या येऊरच्या चढावर किंवा डोंबिवलीच्या क्रीडासंकुलात पहाटे धावणारी मुलं दिसली, की बघणारे म्हणतात, ‘मिलिटरीत जायचंय त्यांना.’ प्रत्यक्षात त्यातली बरीचशी पोलीस भरतीची तयारी करत असतात, काहींना अग्निवीर व्हायचं असतं, आणि एखाद्याच्या डोक्यात एनडीए असते. या तीन वाटा अगदी वेगळ्या आहेत. पोलीस भरती राज्य सरकारची. अग्निवीर म्हणजे जवान म्हणून चार वर्षांची भरती. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, बारावीनंतर तिन्ही दलांचे अधिकारी घडवते. आपल्याकडे तिन्हींची तयारी बहुतेक वेळा एकाच पाटीखाली, ‘करिअर अकॅडमी’ किंवा ‘डिफेन्स अकॅडमी’ या नावाने चालते, आणि पालकांचा गोंधळ तिथून सुरू होतो. या खासगी शिकवण्या आहेत. त्यांचा सैन्यदलांशी अधिकृत संबंध नसतो आणि तिथे पैसे भरल्याने कोणाची निवड होत नाही. ‘आतून सेटिंग आहे’ असं जो सांगेल, त्याच्या दारातून लगेच मागे फिरावं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज म्हणजे निवड धावण्यावर होते. एनडीएच्या निवडीत घड्याळ लावून धावण्याची चाचणीच नाही. वर्षातून दोनदा यूपीएससी लेखी परीक्षा घेते: गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची. त्यातून निवडलेल्यांची एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत आणखी ९०० गुणांची. ही ‘मुलाखत’ पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरीच मुलं त्या संध्याकाळी घरी परततात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, गटाने सोडवायची कामं, वैयक्तिक अडथळे, समोरासमोर बोलणं आणि शेवटी सगळ्या परीक्षकांसमोरची बैठक. तिथे एकटा पुढे धावणारा मुलगा शोधत नाहीत. फळी अपुरी पडली, दोरी तोकडी निघाली, तर बाकीच्या सात-आठ जणांना बरोबर घेऊन हा काय करतो, ते बघतात. धावणं लागतं ते रुजू होण्याआधी. २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावता यावं, एवढी तयारी करून या, असं सांगितलेलं असतं. रोज पावणेआठच्या लोकलमागे पळणाऱ्या मुलाला काही महिन्यांत हे जमू शकतं.

या समजाचं जुळं भावंड म्हणजे ‘आमच्या मुलाला पोहता येत नाही, घोडा तर त्याने चौपाटीवरच पाहिलाय.’ पोहणं तिथे शिकवतात, घोडेस्वारीही शिकवतात. चष्म्याचंही तसंच. भूदलासाठी ठराविक मर्यादेपर्यंतचा नंबर चालतो, वैमानिकासाठी नियम कडक आहेत. वैद्यकीय निकष यूपीएससीच्या जाहिरातीतून वाचावेत, शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नयेत.

आता दिवस कसा जातो ते. इथे समज दोन टोकांचे आहेत. काहींना वाटतं तिथे दिवसभर फक्त कवायत, काहींना वाटतं हे जरा कडक वसतिगृह. मुलगा पहाटे पाचच्या आसपास उठतो. आधी हजेरी, मग पीटी किंवा ड्रिल. त्यानंतर घाम पुसून, गणवेश बदलून नाश्ता, आणि दुपारपर्यंत वर्ग. जेवणानंतर थोडी उसंत, मग खेळ, मग संध्याकाळी सक्तीचा अभ्यास, जेवण, दिवे बंद. कागदावर हे सोपं दिसतं. अवघड असतात ती मधली दहा-दहा मिनिटं. पोहण्याच्या तलावातून निघून कडक इस्त्रीच्या गणवेशात वर्गात पोहोचायचं, तेही सायकलवरून, रांगेत, सगळ्यांनी एकत्र. परिसर ७,०१५ एकरांचा आहे, एका बाजूला खडकवासल्याचं धरण, वर सिंहगड, आणि या सगळ्या विस्तारात कॅडेटचं वाहन म्हणजे सायकल. पहिल्या टर्ममध्ये मुलगा जे शिकतो त्यातलं निम्मं वेळेबद्दलचं असतं: बूट रात्रीच चमकवून ठेवणं, उद्याचा गणवेश आजच लावणं, स्वतःचं आवरून झालं की शेजारच्या खोलीतल्या मागे पडलेल्याला हात देणं. कारण एक जण उशिरा आला, तर शिक्षा बहुधा सगळ्यांना होते.

तीन वर्षं, सहा टर्म. प्रत्येक कॅडेट एका स्क्वाड्रनचा, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटाचा, असतो, आणि ‘तू कुठल्या स्क्वाड्रनचा?’ हा प्रश्न निवृत्तीनंतरही एकमेकांना विचारला जातो. स्क्वाड्रनांमध्ये क्रॉस कंट्री, बॉक्सिंग, ड्रिल, वादविवाद अशी सतत चुरस. कॅम्पही असतात, ग्रीनहॉर्न, रोव्हर्स, तोरणा या नावांचे. पाठीवर बोजा, हातात नकाशा, रात्रीचा डोंगर. माळशेज किंवा हरिश्चंद्रगडाची सवय असलेल्या आपल्या ट्रेकर मुलांना तो भूभाग परका वाटणार नाही. झोपेविना तिथे नीट निर्णय घेणं मात्र नव्याने शिकावं लागतं.

‘शिक्षण सुटतं’ हा समज तर पुराव्याने खोटा आहे. तीन वर्षांच्या शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, कला किंवा विज्ञान शाखेची. नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटना बी.टेक.चा अभ्यासक्रमही आहे, तो त्यांच्या पुढच्या प्रबोधिनीत पूर्ण होतो. परदेशी भाषाही शिकवतात. आपल्याकडे अकरावी-बारावीत जेईईच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाचं गणित एनडीएच्या परीक्षेसाठी बऱ्यापैकी झालेलंच असतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि फी? प्रशिक्षण, राहणं, जेवण, गणवेश यांचा खर्च सरकार करतं. पालकांकडे राहतो तो मुलाचा किरकोळ हातखर्च.

‘रगडा’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे, आणि त्याबरोबर भीतीही. बेशिस्तीला शारीरिक शिक्षा आहे: पळणं, कोलांट्या, पाठीवर ओझं घेऊन हजेरी. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. पण मारहाण, अपमान, पैसे उकळणं याला तिथे नियमाने बंदी आहे. मुलगा फोनवर वेगळं काही सांगत असेल, तर ‘सहन कर, सैन्य आहे’ असं म्हणून गप्प बसवू नये.

‘एकदा आत गेला की अधिकारी झालाच’ हा समज उलट्या बाजूचा, आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो. अभ्यासात, शारीरिक चाचण्यांत किंवा शिस्तीत कमी पडलेल्या कॅडेटला एक टर्म मागे टाकतात, कधी काढूनही टाकतात. स्वतःहून सोडून गेला, तर झालेला खर्च परत करण्याची हमी पालकांनी आधीच लिहून दिलेली असते. आणि दुखापती होतात. प्रशिक्षणात जायबंदी होऊन वैद्यकीय कारणावरून बाहेर पडलेल्या मुलांचा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला. १९८५ पासून तिन्ही दलांच्या प्रबोधिन्यांतून अशी सुमारे ५०० मुलं बाहेर पडल्याचं वृत्तपत्रांत आलं होतं. अडचण अशी, की अधिकारीपदाचं कमिशन मिळण्याआधीच दुखापत झाल्याने त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, मिळते ती मर्यादित मासिक मदत. न्यायालयाने विचारणा केल्यानंतर माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचं दार त्यांना उघडलं. देशासाठी सतराव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाची जबाबदारी देशाने पुरती उचलायला हवी, आणि ती अजून पुरती उचललेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पालकांनी हे माहीत असूनच मुलाला पाठवावं, पाठवताना अभिमानही जरूर बाळगावा.

मुलींबद्दल तर अजूनही ‘तिथे मुली कुठे घेतात?’ असं ऐकू येतं. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली खेत्रपाल मैदानावरच्या दीक्षान्त संचलनात मुलांच्या बरोबरीने ‘अंतिम पग’, म्हणजे प्रबोधिनीतलं शेवटचं पाऊल, ओलांडून बाहेर पडल्या. मुलींच्या जागा अजून कमी आहेत, पण दार उघडं आहे. डोंबिवलीच्या कॉलेजात एनसीसीत असलेल्या मुलीला हे वेळेवर कोणीतरी सांगायला हवं.

राहिला सैनिकी शाळेचा आणि मराठी माध्यमाचा प्रश्न. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. तिथून अनेक अधिकारी झाले, पण ती अट नाही. लष्करप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेतून एनडीएत गेले. लेखी परीक्षा हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठीत नाही. त्यामुळे इंग्रजीची तयारी लागतेच. पण ती तयारी म्हणजे रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचून त्यावर घरात दोन मिनिटं बोलणं. उच्चाराची ऐट कोणी मागत नाही.

अशा तयारीसाठीच महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली. एसपीआय या नावाने ती ओळखली जाते. अकरावी-बारावी तिथे राहून करायची आणि एनडीएची तयारीही. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. आपल्याकडच्या पालकांना एसपीआयचा पत्ता बहुधा दहावीच्या निकालानंतर लागतो, पण तिची प्रवेश परीक्षा दहावीचं वर्ष चालू असतानाच होते, अर्जही तेव्हाच. निकालाच्या पेढ्यांबरोबर चौकशी केली, तर ते दार बंद झालेलं असतं. बारावीनंतरचं एनडीएचं मुख्य दार तरीही उरतं: वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, प्रत्येक परीक्षेमागे सुमारे ४०० जागा, वर्षातून दोन संधी, अर्ज फक्त यूपीएससीच्या संकेतस्थळावर.