मागच्या चाकांचं दशक

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी बंद झाली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, त्यात सिनेमे आले, मरीन ड्राइव्ह आला, मुंबईचा पाऊस आला. आमच्या जालन्याकडची पद्मिनी कुठेच आली नाही. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० वरून थेट १०,००० रुपये केली. वडिलांनी घेतलेली आणि मी चालवलेली पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. ज्या गाडीने काळ्या रानात इतके पावसाळे काढले, तिच्याकडे सरकार आता फक्त भंगार म्हणून बघतं, हे मला लागलं.

या गाडीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला गिअर, मागे पाटे. मूळची ती इटलीची फियाट ११००. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर हीच फियाट शर्यतीत पळायची, हे आज फार थोड्यांना आठवतं. जोर मागे आणि वजन पुढे असलं, की निसरड्यावर शेपूट घसरतं. अमेरिकेतल्या मिशिगन-मिनेसोटाकडे स्पोर्ट्स कार बाळगणारे लोक हिवाळ्यात बर्फाचे टायर चढवतात, डिकीत वाळूची पोती टाकतात, ती याचसाठी. जालन्याला बर्फ नाही. आमच्याकडे काळी माती आहे.

ही माती बसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पहिल्या पावसात तिच्यावर नुसता ओलावा असतो, तेव्हाच ती सगळ्यात जास्त दगा देते. वरचा पापुद्रा साबणासारखा होतो आणि खाली जमीन टणक. झड लागली की मग चाक रुतायला लागतं. बर्फ निदान चाकाला इतका घट्ट चिकटत नाही. आमची माती टायरच्या नक्षीत बसते, मडगार्डच्या आत थरावर थर चढते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. खुरपं गाडीत ठेवल्याशिवाय जूननंतर कुणी बाहेर पडत नसे.

१९८६ ते १९९६ ही या गाडीसोबतची माझी वर्षं. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, पण तालुक्यांपलीकडे डांबर फारसं पोचलेलं नव्हतं. बियाण्याचा धंदा मात्र जोरात होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली, त्यामागून कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये बारवाल्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, तेव्हा जालन्याचं नाव जगात गेलं. त्या बियाण्यामागे भोकरदन, जाफराबादकडच्या बायांची बोटं होती. संकरित कपाशीत संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी नराचं फूल त्यावर फिरवायचं. हे क्रॉसिंग ऐन पावसाळ्यात चालतं आणि प्लॉट नेहमी रस्त्यापासून आत. मी त्या कामात होतो. भेसळीचं झाड वेळेत उपटलं नाही तर शेतकऱ्याचा अख्खा प्लॉट नापास होतो, म्हणून चिखल असो वा नसो, जावंच लागे.

गाडी चालवायला मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. ते बैलगाडीवाले होते. पूर्णा नदीकडच्या एका गावात पांदणीत शेपूट फिरायला लागलं, तेव्हा बांधावरून एक म्हातारे ओरडले, “सायब, ब्रेक मारू नका, जाऊ द्या तिला!” सगळी विद्या त्यात आली. शेपूट डावीकडे गेलं तर स्टिअरिंगही डावीकडे द्यायचं. पाय अॅक्सिलरेटरवरून हळू उचलायचा, झटका द्यायचा नाही. उभ्या गाडीला चिखलातून काढायचं तर पहिला गिअर टाळून दुसऱ्यात, क्लच अलगद सोडत. एक चाक रिकामं गरगरायला लागलं की थांबायचं, कारण डिफरन्सल सगळं फिरणं त्या गरगरणाऱ्या चाकालाच देतं आणि ते स्वतःचा खड्डा खणत जातं. डिकीत मुरमाची दोन पोती कायमची. ती वजनासाठी, आणि अगदीच फसलो तर फोडून चाकाखाली पसरायला. कुणी मागच्या टायरला सोल गुंडाळत, तो पुढच्या बांधापर्यंत टिकला तरी पुरे व्हायचं. शेवटचा उपाय बैलजोडी. आपली तिफण सोडून लोक बैल आणत आणि पैसे काढले तर रागावत.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि काही वर्षांत जालन्यातही दिसायला लागली. जोर पुढे, इंजिनाचं वजनही पुढे. सपाट चिखलात ती पद्मिनीपेक्षा सरस चाले. पण लग्नकार्यात भेटणारे मारुतीवाले ‘तुमची गाडी मागून ढकलते’ म्हणत हसायचे, त्यांना इतक्या वर्षांनी उत्तर देतो. नाल्यातून वर येणाऱ्या ओल्या चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. तिथे मारुती जागेवर चाकं फिरवायची आणि पद्मिनी वर यायची. भरलेल्या जीप आणि ट्रॅक्स त्या चढावरून जात, त्यांचाही जोर मागच्याच चाकांवर असे.

खरा हिशोब मात्र गाड्यांशी नाही. दर उन्हाळ्यात पांदणीवर मुरूम पडायचा आणि जूनमध्ये तो शेतात वाहून जायचा. बाजूला नाली नाही, खाली दबाई नाही, बिल मात्र निघालेलं. दुष्काळी कामांवर उपाशीपोटी बायामाणसांनी खडी फोडली, त्या घामाची किंमत अशी मातीत गेली. त्यावर मी तेव्हाही चिडत होतो, आजही चिडतो.

पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. इंडिका आली, २००० च्या डिसेंबरपासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचं डांबर आलं, पद्मिनीचं उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये अॅम्बेसेडरही संपली. रस्ते सुधारले, याचा आनंदच आहे. बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचते, यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

आता आपल्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. मागच्या चाकांचा जोरही नव्या रूपात परत आला आहे, महिंद्राची विजेवरची बीई ६ मागच्याच चाकांवर पळते. तिच्यात चाक घसरायच्या आत संगणक जोर कमी करतो. ते चांगलंच आहे. पण चाकाखालची जमीन पायाला कळणं ही गोष्ट नव्या पोरांच्या हाती येतच नाही, आणि ताशी १२० च्या वेगाने ओल्या काँक्रीटवर तिची गरज कमी होत नाही, वाढते. त्याच महामार्गावरून खाली उतरून दोन किलोमीटर आत गेलं, की पांदण अजून तशीच आहे. कपाशी, सोयाबीन, मोसंबी अजून चिखलातूनच बाहेर काढावी लागते.

वीस वर्षांवरची गाडी धूर तपासून, ब्रेक तपासून रस्त्यावर राहू द्यावी आणि फी आधीसारखी करावी, ही माझी सरकारकडे मागणी आहे. गावकऱ्यांना वेगळं सांगणं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरच्या वाटेसाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तो पावसाळ्याआधी करा. रस्ता मंजूर झाला तर आधी दोन्ही बाजूंना नाली मागा, मग मुरूम, मग दबाई. नाली झाल्याशिवाय कामावर सही करू नका.